आप्पांच्या गोळ्यांचा डबा: बीपीच्या औषधाचं कोणाशी पटत नाही

प्रश्न असा आहे. वडील चोपडा तालुक्यातल्या गावात राहतात, वय ६७. मुलगा पुण्यात नोकरीला. वडिलांना दहा वर्षांपासून बीपी, सहा वर्षांपासून शुगर. सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र असलेली गोळी, रात्री अ‍ॅम्लोडिपिन ५. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. लघवीच्या त्रासासाठी जळगावच्या डॉक्टरांनी रात्री टॅम्सुलोसिन सुरू केलेली. काचबिंदूसाठी डोळ्यांत टिमोलॉलचे थेंब. गुडघे दुखले की गावातल्या मेडिकलमधून आणलेली ‘लाल गोळी’, आणि घसा बसला की ज्येष्ठमधाचा काढा. मुलाने विचारलंय, यातलं काय कशाशी भांडतं? शिवाय त्याने वाचलंय की टेल्मिसार्टन घेणाऱ्याने केळी खाऊ नयेत. घरचीच बाग आहे, तर आप्पांना केळी बंद करायला सांगू का?

आधी थोडक्यात सांगतो. केळी चालू राहू द्या. लाल गोळी आजपासून बंद करा. डोळ्यांच्या थेंबांबद्दल बीपीच्या डॉक्टरांना नक्की सांगा, कारण त्यांना ते माहीत नसणार. आता सविस्तर.

मी या तापीकाठच्या पट्ट्यात २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. बीपीच्या गोळीने एकटीने पेशंटचं बिघडवलं असं मी फार कमी वेळा पाहिलंय. बिघडतं ते चार दारांतून आलेल्या औषधांनी. एक तालुक्याचा डॉक्टर, एक जळगाव किंवा धुळ्याचा स्पेशालिस्ट, एक डोळ्यांचं शिबिर आणि एक गावातलं मेडिकल. प्रत्येकाची चिठ्ठी आपल्या जागी बरोबर असते. पण चारही चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आलेल्या नसतात. तुम्ही पुण्यात बसून ती यादी केलीत, हेच अर्धं काम झालं.

गुडघ्याच्या गोळीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. तुम्ही कळवलेल्या नावावरून ती अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, एटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड ही अ‍ॅसिक्लोफिनॅकचीच भावंडं. ही औषधं शरीरात मीठ आणि पाणी अडवून ठेवतात. त्याने वरचं बीपी सरासरी ५ मिमीच्या आसपास चढतं, काहींचं त्याहून बरंच जास्त. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, मेटोप्रोलॉल आणि लघवीच्या गोळ्या (म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या) यांचा जोर त्यामुळे कमी पडतो. अ‍ॅम्लोडिपिनला तेवढा फरक पडत नाही. पेशंट शपथेवर सांगतो, ‘साहेब, मी बीपीनी गोयी रोज लेस,’ आणि ते खरंही असतं. तरी बीपी १६० दिसतं. डॉक्टर बीपीची गोळी वाढवतो, कारण गुडघ्याच्या गोळीचं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

हे एक नुकसान झालं. दुसरं किडनीचं, आणि ते जास्त गंभीर आहे. केळीवाल्या माणसाला समजावताना मी ठिबकचं उदाहरण देतो. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक नळी आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. गाळायचं तर आत दाब हवा. शरीरात पाणी कमी पडलं की किडनी तो दाब दोन प्रकारे टिकवते. आत येणारी नळी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाने रुंद ठेवते, आणि बाहेर जाणारी नळी अँजिओटेन्सिनने थोडी आवळते. आता आप्पांकडे बघा. हायड्रोक्लोरोथायझाइडने टाकीतलं पाणी उतरवलं. टेल्मिसार्टनने बाहेरची नळी सैल केली, कारण अँजिओटेन्सिनला रोखणं हेच त्याचं काम. एवढ्यावर किडनी आरामात निभावते. शुगरवाल्याच्या किडनीतून प्रथिन जात असेल तर टेल्मिसार्टनचा तिला उलट फायदाच होतो. पण वरून लाल गोळी आली की प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबतं, म्हणजे आत येणारा व्हॉल्व्हही आवळला जातो. टाकी अर्धी, व्हॉल्व्ह अर्धा बंद, आणि लॅटरलची (झाडांपाशी जाणाऱ्या नळीची) एंड कॅप उघडी. शेवटच्या झाडाला थेंब कसा पोहोचणार?

या तीन औषधांच्या एकत्र येण्यावर ब्रिटनमधल्या बीपीच्या पेशंटांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही एकत्र घेणाऱ्यांत किडनी अचानक बिघडण्याचा धोका एकूण ३१ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. म्हणजे ‘दोन-चार दिवसांनी काय होतंय’ हा हिशेब इथे चुकतो. सुरुवातीचे दिवसच जास्त धोक्याचे.

तो अभ्यास थंड देशातला. आपल्या उन्हात काय होतं ते मी दर चैत्रात बघतो. सप्तशृंगी गडाच्या यात्रेला खानदेशातून हजारो लोक पायी निघतात. ऊन ४० च्या पुढे, चाल तीन-चार दिवसांची, पाणी मिळेल तसं. पाय दुखायला लागले की बरोबरचे लोक पाकिटातून गोळी काढून देतात, वाटेतल्या दुकानातूनही मिळते. काही वर्षांपूर्वी असेच एक जिभाऊ, वय साधारण ६०, गडावरून परतल्यावर माझ्याकडे आले. दोन दिवस लघवी जेमतेम, मळमळ, तोंडाला चव नाही. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ६ च्या वर. डबा पाहिला तर आप्पांच्याच गोळ्या: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. सोबत चार दिवस, दिवसाला दोन डायक्लोफिनॅक. त्यांना दोनदा डायलिसिस लागलं. सुदैवाने किडनी परत कामाला लागली, तरी पूर्वीच्या पातळीवर कधी आली नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बीपीची गोळी त्यांनी यात्रेतही न चुकता घेतली होती. चूक आमची, की यात्रेला निघताना काय टाळायचं ते कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून फाल्गुनातच मी प्रत्येक बीपीवाल्याला विचारतो, ‘यंदा गडावर जाताय का?’

मग गुडघ्यांचं काय करायचं? साधी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० ची, दुखेल तेव्हा, दिवसात दोन-तीनदा. तिलाही पूर्ण निर्दोष म्हणणार नाही. एडिंबरोमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिल्यावर बीपी ५ मिमीच्या आसपास वाढलं होतं. पण ४ ग्रॅम म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या, रोज. लागेल तेव्हा दोन-तीन घेणाऱ्याला काळजीचं कारण नाही. पाण्यात टाकली की फसफसणारी पॅरासिटामॉल मात्र आप्पांना नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यावर चोळलं तर चालेल. त्यातून रक्तात जाणारं औषध गोळीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. शेक, मांडीचे व्यायाम, उकिडवं बसणं बंद, ही नेहमीची सांगणी. कंटाळवाणी आहेत, पण उपयोगाची आहेत. आणि गावात येऊन ‘गुडघ्याचं पावडर’ विकणाऱ्यांपासून आप्पांना दूर ठेवा. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. स्टेरॉइडने बीपीही वाढतं आणि शुगरही.

सर्दीची गोळी दुसऱ्या नंबरवर. नाक मोकळं करणाऱ्या बहुतेक गोळ्या-सिरपांत फिनाइलेफ्रिन असतं, काहींत स्यूडोएफेड्रिन. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून ती नाक उघडतात, पण गोळी पोटात गेली की फक्त नाकापुरती थांबत नाही. बीपी काबूत असलेल्या माणसाने एखाद-दुसरी घेतली तर आभाळ कोसळत नाही. ज्याचं बीपी आधीच १६०-१७० आहे, त्याने घेऊ नये. वाफ, मिठाच्या पाण्याचे थेंब, फार तर साधी सेटिरिझिन. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे नाकातले थेंब तीन दिवसांच्या वर नकोत.

आता पाय सुजण्याची गोष्ट, कारण एका औषधाच्या मागे दुसरं कसं येतं ते इथे नीट दिसतं. अ‍ॅम्लोडिपिनने काही लोकांचे घोटे सुजतात. रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे पाणी बाहेर झिरपतं, शरीरात पाणी साठलेलं नसतं. पण सूज दिसली की कोणीतरी फ्युरोसेमाइड देतो, ‘लघवीवाटे पाणी जाईल’ म्हणून. सूज फारशी उतरत नाही, पोटॅशियम मात्र उतरतं. मग रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. त्या पेटक्यांसाठी दुखण्याची गोळी, त्या गोळीने बीपी चढतं, आणि चढलं म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ ची १० होते. पारोळ्याकडच्या एका माउलीच्या पिशवीत मी ही पूर्ण साखळी पाहिली आहे. सात औषधं, त्यातली चार आधीच्या औषधाने केलेल्या त्रासासाठी. अ‍ॅम्लोडिपिनचा डोस निम्मा केला, टेल्मिसार्टन जोडलं (टेल्मिसार्टनसोबत ही सूज कमी होते), बाकीची हळूहळू काढली. महिन्याभरात त्यांच्या वहाणा पायात बसायला लागल्या. आप्पांचे घोटे सुजलेले आहेत का, हे फोनवर विचारून घ्या.

असाच खोकल्याचा फेरा असतो. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटाने दहा-पंधरा जणांत एखाद्याला कोरडा खोकला लागतो, महिनोन्‌महिने. खोकल्याची बाटली आणली जाते, तिच्यात पुन्हा नाक आवळणारं औषध. अशा वेळी बाटल्या बदलण्यात अर्थ नाही, बीपीची गोळी बदलून घ्यायची. टेल्मिसार्टनच्या गटाने हा खोकला सहसा होत नाही. आणि हे दोन गट एकत्र घ्यायचे नाहीत. २००८ साली टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल एकत्र देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत फायदा वाढला नाही, चक्कर आणि किडनीचे त्रास वाढले. जाणूनबुजून हे आता कोणी देत नाही. घडतं ते दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांमुळे. कधीकधी तर एकच औषध दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांतून दुप्पट जात असतं. म्हणून ठळक अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

केळ्यांकडे येतो. ‘साहेब, केया बंद करू का?’ हा प्रश्न मला रावेर-यावलकडून आलेला प्रत्येक दुसरा पेशंट विचारतो. घरात केळीचे घड लटकलेले असतात आणि मुलगा फोनवरून सांगतो, खाऊ नका. भीतीचं मूळ खरं आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधं शरीरातलं पोटॅशियम थोडं वाढवतात, आणि केळ्यात पोटॅशियम असतं. पण एका मध्यम केळ्यात ते साधारण ४०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी किमान ३,५०० मिलिग्रॅम घ्यायला सांगते, आणि पोटॅशियमने बीपी उतरायला मदतच होते. किडनी ठीक असलेल्याने दोन केळी खाल्ली तर जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. त्यात आप्पांच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड पोटॅशियम खाली ओढतं, त्यामुळे त्यांचं पारडं बऱ्यापैकी समतोल असतं. शुगरमुळे ते केळी बेताने खातात, तेवढं बेताने पुरे.

जपायचं ते क्रिएटिनिन वाढलेल्यांनी आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी. हृदयाच्या पेशंटांना ही गोळी बऱ्याचदा असते, आणि तीही पोटॅशियम वाढवते. अशा माणसाला केळी, नारळपाणी मोजून. त्यांनी ‘लो सोडियम’ मीठही विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सर्वसाधारण बीपीवाल्याला ते चांगलं आहे. चीनच्या खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेल्या २०२१ च्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. आपल्याकडे मात्र ज्याला सगळ्यात जास्त आजार, त्याच्यासाठीच मुलं शहरातून ‘हेल्दी मीठ’ पाठवतात. आणि या सगळ्याच्या वर एक साधी दिसणारी अँटिबायोटिक, कोट्रायमॉक्साझोल. लघवीच्या इन्फेक्शनला अजूनही दिली जाते. तिच्यातलं ट्रायमेथोप्रिम किडनीत पोटॅशियम अडवतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती दिली तर पाच-सहा दिवसांत पोटॅशियम ६ च्या वर जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. केळ्याची जेवढी चर्चा होते, त्याच्या दशांशही या गोळीची होत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आप्पांना लागू नाही, पण सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांसाठी टीबीच्या औषधाबद्दल लिहायला हवं. शहाद्याकडच्या एका शिक्षकांचं बीपी अ‍ॅम्लोडिपिनवर सहा वर्षं १३० च्या आसपास स्थिर होतं. टीबीचे उपचार सुरू झाले आणि महिन्याभरात १७०. त्यांना वाटलं टेन्शन, घरच्यांना वाटलं पथ्य मोडलं. कारण रिफाम्पिसिन होतं. हे औषध यकृतातली आणि आतड्यातली औषधं तोडणारी यंत्रणा अनेक पटींनी वाढवतं. अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, व्हेरापामिल, लोसार्टन, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल रक्तात पोहोचण्याआधीच बरीचशी संपतात. टेल्मिसार्टन वेगळ्या मार्गाने निघतं, म्हणून अशा वेळी मला ते आणि लघवीची गोळी बरी वाटते. टीबीची औषधं बीपीसाठी एक दिवसही थांबवायची नाहीत, बदल बीपीच्या गोळीत करायचा. पण खरी गफलत नंतर होते. सहा महिन्यांचा कोर्स संपतो, साधारण दोन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं, आणि वाढवून ठेवलेला बीपीचा डोस आता पुरा अंगी लागतो. हेच शिक्षक कोर्स संपल्यावर तिसऱ्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी शाळेत चक्कर येऊन पडले. कोर्स संपण्याच्या तारखेला बीपीच्या डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवायची, एवढं केलं असतं तर ते टळलं असतं.

पुन्हा आप्पांच्या यादीकडे. टिमोलॉलचे थेंब हा बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं औषध आहे, अटेनोलॉल-मेटोप्रोलॉलच्या घराण्यातला. थेंब डोळ्यांतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो आणि यकृताला बगल देतो. म्हणून एवढाशा थेंबाने नाडी मंदावू शकते. आज आप्पांना बीटा ब्लॉकर गोळी नाही, त्यामुळे धोका कमी. पण उद्या कोणी बीपीसाठी मेटोप्रोलॉल, व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम सुरू केलं आणि थेंबांचं माहीत नसेल, तर नाडी ४० वर येऊन शुद्ध हरपण्यापर्यंत मजल जाते. औषधं सांगताना डोळ्यांचे थेंब कोणी मोजत नाही. आप्पांना दमा असेल तर थेंबांविषयी डोळ्यांच्या डॉक्टरांशी लगेच बोला, कारण याने श्वासनलिका आवळतात. आणखी एक. ग्लिमेपिराइडने शुगर उतरली की धडधड आणि थरथर होते, त्यावरून माणूस सावध होतो. बीटा ब्लॉकर ही धडधड झाकतो. घाम मात्र येतोच. आप्पांना सांगून ठेवा, कारण नसताना दरदरून घाम आला तर आधी साखर तोंडात टाकायची. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरला की रक्तात कमी जातं. हे डोळ्यांच्या शिबिरात प्रत्येकाला शिकवावं, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

टॅम्सुलोसिन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही रात्री, हे मला खटकलं. टॅम्सुलोसिन लघवीची वाट सैल करतं, पण थोड्या रक्तवाहिन्याही सैल करतं. या वयाचा माणूस रात्री लघवीला दोनदा उठतो, अंगणापलीकडे जातो, अंधारात एकदम उभा राहतो, बीपी खाली येतं आणि तोल जातो. मांडीचं हाड मोडलेले किती तरी आबा-आप्पा याच वेळेला पडलेले असतात. डॉक्टरांना विचारून अ‍ॅम्लोडिपिन सकाळी घेता येईल का ते पाहा. त्याचा परिणाम २४ तास टिकतो, वेळ बदलल्याने काही बिघडत नाही. उठताना आधी बसायचं, मिनिटभराने उभं राहायचं.

ज्येष्ठमधाबद्दल लोकांना खरं वाटत नाही. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन किडनीतलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम टाकतं आणि बीपी चढतं. त्यात लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी उतरतं. घसा बसला म्हणून दोन दिवस तुकडा चघळला तर हरकत नाही. रोजचा काढा नको. सर्पगंधा असलेल्या बीपीच्या गोळ्यांबाबतही तेच. सर्पगंधा खरंच बीपी उतरवते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून जगाला ते दाखवून दिलं, आणि त्यानंतर तिच्यातलं रेसर्पिन जगभर वापरलं गेलं. म्हणूनच ती निरुपद्रवी समजू नये. वरच्या गोळ्यांसोबत घेतली तर बीपी जास्त पडतं, नाडी मंदावते, नाक चोंदतं, मन उदास होतं. वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा, फक्त त्यांनाही हीच यादी दाखवा.

गजकर्ण सध्या घरोघरी आहे, त्यामुळे इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिन महिना-महिना चालतात. इट्राकोनॅझोल अ‍ॅम्लोडिपिनला तुटू देत नाही, त्यामुळे पाय सुजतात, बीपी पडतं, आणि हृदय कमजोर असलेल्याला तर ते द्यायचंच नाही. टर्बिनाफिन मेटोप्रोलॉलची रक्तातली पातळी वाढवतं. छातीच्या इन्फेक्शनला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन अ‍ॅम्लोडिपिनसोबत नको, अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तो त्रास नाही. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन असेल तर अ‍ॅम्लोडिपिनसोबत २० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. मोसंबी, संत्री, लिंबू सगळं चालतं. इंटरनेटवर ज्या ग्रेपफ्रूटची भीती घालतात ते आपल्या बाजारात क्वचितच दिसतं. मात्र त्याच्याच जवळचं पपनस रोज खायची सवय नको. मानसोपचाराचं लिथियम घेणाऱ्याला टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी फार जपून, रक्तातलं लिथियम तपासतच द्यावी लागते.

एक विषय पुरुष मला दार लावून घेतल्यावरच सांगतात, बरेचदा सांगतही नाहीत. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल दुकानातून गुपचूप आणतात. आप्पांच्या सध्याच्या औषधांत टॅम्सुलोसिनसोबत त्याने चक्कर येऊ शकते. पण छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची किंवा रोजची नायट्रेटची गोळी ज्यांना आहे, त्यांनी ते घ्यायचंच नाही. बीपी इतकं कोसळतं की जीव जातो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिलपासून ४८ तास नायट्रेट देता येत नाही. छातीत दुखून दवाखान्यात आलात तर हे लाजू नका, सांगा. आम्ही घरच्यांना बाहेर पाठवतो.

हे वाचून आप्पांची बीपीची गोळी बंद करू नका, ही माझी हात जोडून विनंती. अर्धवट सोडलेल्या बीपीने पक्षाघात झालेली माणसं मला या सगळ्या भांडणांत सापडलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त भेटतात. मेटोप्रोलॉल आणि क्लोनिडिन तर एकदम थांबवलं की बीपी उसळी मारतं. थोडे दिवस थांबवायची वेळ एकच: जुलाब-उलट्या लागल्या, अन्नपाणी पोटात राहत नाही, अशा दिवशी टेल्मिसार्टन-लघवीची गोळी आणि मेटफॉर्मिन डॉक्टरांना फोन करून थांबवायच्या, ओआरएस प्यायचं, आणि नीट खाणंपिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की पुन्हा सुरू. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन असेल तर तीही त्या दिवसांत नको. ऊन लागून अंगातलं पाणी गेलं तरी नियम हाच.

आता या आठवड्यात करायचं काम. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. लाल गोळी बंद केल्यावर पंधरा दिवस रोज सकाळी, बसून, पाच मिनिटं शांत राहून बीपी मोजायला सांगा. गोळी बंद झाल्याने ते उतरलं आणि उभं राहताना डोळ्यांसमोर अंधारी येऊ लागली, तर बीपीचा डोस कमी करावा लागेल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जाल तेव्हा घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा: देव्हाऱ्याजवळचा डबा, आप्पांच्या कोटाचा खिसा, फ्रिजच्या दारातले थेंब, आईच्या गोळ्यासुद्धा, कारण दुखलं की आप्पा त्यातलीच घेतात. ती पिशवी बीपीच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा.